जेम्स स्टुअर्टचे सिनेमे बघायला सुरुवात कुठून करायची

जुनं हॉलिवूड बघायचंय, पण सुरुवात कुणापासून करू असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, जेम्स स्टुअर्ट, ज्याला सगळे जिमी म्हणायचे. फक्त पहिल्या सिनेमापासून क्रमाने बघायच्या भानगडीत पडू नका. त्याचे ऐंशीच्या आसपास सिनेमे आहेत आणि १९३५ मध्ये एमजीएमने त्याला करारावर घेतलं तेव्हा सहा फूट तीन इंचाच्या या किडकिडीत, अडखळत बोलणाऱ्या पोराचं करायचं काय हे स्टुडिओलाच कळत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीच्या बऱ्याच सिनेमांत तो नुसताच इकडेतिकडे दिसतो.

तर सगळ्यात आधी 'रिअर विंडो' (१९५४) बघा. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा आहे, रंगीत आहे, गोष्ट लगेच पकड घेते, म्हणजे जुन्या सिनेमांची सवय नसली तरी अडत नाही. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला फोटोग्राफर खिडकीत बसून समोरच्या घरांमध्ये डोकावतोय, बस. आता यात स्टुअर्टला पूर्ण वेळ व्हीलचेअरवर बसून अ‍ॅक्टिंग करायचीय, त्यामुळे त्याचा चेहरा आणि हात बघा. प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि तो लांब काडी आत सरकवून खाजवतो, तेव्हा चेहऱ्यावर जे सुख पसरतं ना, ते एकदा मागे घेऊन परत बघा. एक शब्द नाही.

मग मागे जा, १९३९ आणि १९४० मध्ये. 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये तो नवखा सेनेटर आहे आणि शेवटी सभागृहात तासन्‌तास उभा राहून बोलत राहतो, बोलून बोलून आवाज पार बसतो. तो बसलेला आवाज खरा वाटावा म्हणून स्टुअर्टने घशात मर्क्युरीचं औषध घालून घेतलं होतं, घसा सुजावा म्हणून! त्यानंतर 'द फिलाडेल्फिया स्टोरी', ज्याच्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. यात तो दारू पिऊन रात्री सहकलाकार कॅरी ग्रँटच्या घरी धडकतो तो सीन सोडू नका, स्टुअर्टने मध्येच न ठरवता उचकी दिली आणि समोर ग्रँटला हसू आवरेना, तरी त्याने तिथल्या तिथे सांभाळून घेतलं आणि ते तसंच सिनेमात राहिलं. ऑस्करची बाहुली गेली पेन्सिल्व्हेनियातल्या इंडियाना या छोट्या गावात, वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात, शोकेसमध्ये.

इथे थांबा आणि पुढचं लावण्याआधी मधली गोष्ट माहीत करून घ्या, कारण हिच्याशिवाय पुढचा स्टुअर्ट समजत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात भरती व्हायला गेला तर वजन कमी म्हणून परत पाठवला, मग खाऊन खाऊन वजन वाढवलं आणि मार्च १९४१ मध्ये आत गेला, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याने अमेरिका युद्धात उतरली त्याच्या कितीतरी महिने आधी, तेही करिअर एकदम वर असताना. विमान चालवायचं लायसन्स होतंच. लष्कराला तो प्रचारापुरता हवा होता, पण तो मागे लागून लागून शेवटी इंग्लंडमध्ये टिबनमच्या तळावर पोचला आणि बी-२४ बॉम्बर घेऊन वीस मोहिमांवर गेला. साधा शिपाई म्हणून शिरला आणि चार वर्षांत कर्नल होऊन बाहेर पडला. परत आल्यावर त्याची अट काय, तर आपल्या युद्धातल्या कामगिरीचा सिनेमाच्या जाहिरातीत वापर करायचा नाही. मला हा माणूस आवडतो त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) लावा. ब्लॅक अँड व्हाइटच बघा हं, नंतर रंग चढवलेली कॉपी मिळते तिच्या वाटेला जाऊ नका, त्या प्रकाराला स्टुअर्टचा स्वतःचा उघड विरोध होता. हा ख्रिसमसचा गोड सिनेमा आहे असं ऐकलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका, यातला जॉर्ज बेली घरी येऊन बायकापोरांवर ओरडतो, वस्तू फेकतो, ते बघून खरंच दचकायला होतं. बारमध्ये तो हळू आवाजात प्रार्थना करतो तिथे नीट बघा. रडणं ठरलेलं नव्हतं, त्याला खरंच भरून आलं, आणि कॅमेरा लांब असल्यामुळे दिग्दर्शक फ्रँक काप्राने नंतर लॅबमध्ये ती फ्रेम मोठी करून चेहरा जवळ आणला, म्हणून चित्र जरा दाणेदार दिसतं. त्या वेळी सिनेमा अपेक्षेइतका चालला नाही. पुढे १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, मग टीव्ही चॅनेल्सना तो फुकटात मिळाला, दर डिसेंबरला लागत राहिला आणि घराघरात पोचला.

यानंतर लगेच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, 'विंचेस्टर ७३' (१९५०). दिग्दर्शक अँथनी मानचा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट आहे. दारूच्या गुत्त्यात स्टुअर्ट एकाचा हात पिरगाळून त्याचं तोंड काउंटरवर दाबतो तेव्हाचे त्याचे डोळे बघा आणि मग मिस्टर स्मिथ आठवा, हाच तो पोरगा! धंद्याच्या बाजूनेही हा सिनेमा महत्त्वाचा, कारण एजंट ल्यू वॉसरमनने युनिव्हर्सलशी असा सौदा केला की स्टुअर्टने ठरावीक मानधनाऐवजी नफ्यात वाटा घ्यायचा, आणि त्यातून त्याने भरपूर कमावलं, मग बाकीचे स्टारही तसंच मागायला लागले.

'व्हर्टिगो' (१९५८) घाईने बघू नका. लोकांचा लाडका, भला माणूस म्हणून ओळख झालेला नट एका बाईला दुसऱ्या, मेलेल्या बाईसारखे कपडे घाल, केस तसेच रंगव म्हणून छळतो, आणि आधीचा सगळा स्टुअर्ट ओळखीचा झालेला असेल तरच ते आतपर्यंत लागतं.

बघताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, तो शब्द ओढतो, वाक्य अर्धं सोडतो, परत पकडतो, सुरुवातीला कान बसत नाही. आणि एवढं झाल्यावर अजून भूक असेल तर 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' (१९५९), कोर्टातला खटला आहे, अडीच तासांपेक्षा जास्त लांब आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशीच लावा.