लम्पी: टोचणीपासून खपली पडेपर्यंत

नागपूर जिल्ह्यात लम्पीचं वेळापत्रक पावसाच्या मागे मागे चालतं. मृग बरसला की गोठ्यात चिखल होतो, चिखलावर माशी वाढते, आणि श्रावणात कुठल्यातरी गावातून गाईच्या अंगावर गाठी आल्याचा निरोप येतो. भारतात हा आजार पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात नोंदवला गेला. २०२० मध्ये तो गडचिरोलीकडून विदर्भात आला आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरला. आता तो इथला झाला आहे, म्हणून दरवर्षी तयारी ठेवावीच लागते.

एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्या. देवीच्या कुळातल्या या विषाणूवर थेट औषध नाही, आणि एरवी शंभर बाधित जनावरांत दगावणारी एक ते पाच असतात. त्यातली बरीचशी गाठींमुळे जात नाहीत. जखमेत किडे पडतात, फुफ्फुसात पू होतो, तोंडातल्या फोडांमुळे चारापाणी सुटतं, एका कुशीवर पडून अंग सडतं. म्हणजे जनावर वाचवण्याचं काम डॉक्टरांच्या सुईइतकंच गोठ्यातल्या माणसाच्या हातात आहे.

टोचणी पावसाच्या आधी

लम्पीसाठी आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची लस टोचतात. टोचल्यावर अंगात पुरती ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो, तेव्हा मे संपायच्या आत टोचणी व्हायला हवी. गाठी दिसू लागल्यावर गावात धावपळीने केलेली टोचणी उशिराचीच असते. आधीच लागण होऊन वरवर धडधाकट दिसणाऱ्या जनावरांना तिचा उपयोग होत नाही, आणि मग लोक म्हणतात की टोचल्यामुळेच लम्पी आली.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टोचणी सकाळी नऊच्या आत उरकावी, जनावर सावलीत आणि पाणी प्यालेलं असावं. लस २ ते ८ अंश तापमानात, बर्फाच्या पेटीतच आली पाहिजे. बाटली फोडल्यावर काही तासांत संपवावी, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. प्रत्येक जनावराला नवी सुई लावायचा आग्रह धरा. एकाच सुईने अख्खं गाव टोचलं, तर ज्याच्या अंगात विषाणू आहे त्याच्याकडून तो पुढच्याला सुईच देते. टोचलेल्या जागी थोडी सूज येणं आणि दोन-चार दिवस दूध कमी होणं, हे चालायचंच. आजारी किंवा अंगात ताप असलेलं जनावर टोचू नये.

वासरांचं बहुतेक ठिकाणी राहून जातं. आई टोचलेली असेल तर वासराला चार महिने पूर्ण झाल्यावर टोचा. आई टोचलेली नसेल तर तितकं थांबायची गरज नाही, डॉक्टरांना विचारून लवकर टोचून घ्या. दरवर्षी पुन्हा टोचायचं, आणि कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर नोंद झाली की नाही ते स्वतः बघायचं. शेळ्यांना लम्पी होत नाही. म्हशींना होते, पण क्वचित.

गाठ लम्पीचीच का?

गाठीच्या आधी ताप येतो. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, लम्पीत ते १०४ ते १०६ पर्यंत चढतं. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून दोन मिनिटं धरायचा. शेणात खुपसला तर आकडा चुकतो. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, अचानक आटलेलं दूध, आणि खांद्यापुढची व मांडीपुढची अवधाणं, म्हणजे कातडीखालच्या लसिकाग्रंथी, फुगलेली. हे दिसलं की दोन दिवसांत गाठी येणार असं धरून चाला.

गाठ दोन ते पाच सेंटिमीटरची, गोल आणि टणक असते. चिमटीत धरली तर कातडीच्या पूर्ण जाडीसकट हाती लागते. मान, पाठ, कास आणि पायांवर आधी बघा. पित्त उठलं किंवा माशा चावल्या तरी अंगावर फुगे येतात, पण ते मऊ असतात, एकाएकी उठतात आणि बहुधा दिवसभरात बसतात. लम्पीची गाठ बसत नाही. मधला भाग काळा पडून खपली धरते आणि ती निघाली की खाली खोल खड्डा उरतो.

पहिला दिवस

संशय आला की जनावर वेगळं बांधा, गाठींची वाट बघत बसू नका. त्याची बादली, दावं, खरारा वेगळा. चारापाणी आणि धार आधी निरोगी जनावरांची, शेवटी आजारी जनावराची, मग हात साबणाने धुवायचे. शक्य असेल तर आजारी जनावराला मच्छरदाणी लावा, कारण चावणारी माशी आणि डास त्याचंच रक्त घेऊन शेजारच्या जनावरावर बसतात.

जवळच्या गुरांच्या दवाखान्यात कळवा. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. कळवणं हे २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार मालकाचं कर्तव्यही आहे. लपवल्याने तोटाच होतो: कळवलं की भोवतीच्या पाच किलोमीटरमधल्या निरोगी जनावरांची टोचणी सुरू होते.

डॉक्टर येईपर्यंत मेडिकलमधून वेदनाशामक आणून टोचू नका. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. असेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाली, त्यांच्यानंतर निमेसुलाइडही. या औषधांचं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. पेंच आणि ताडोब्यात गिधाडं पुन्हा वसवायचा प्रयत्न चालू असताना आपल्या गोठ्यातून ते विष जाऊ नये. ताप आणि सुजेवर मेलॉक्सिकॅम चालतं, किती द्यायचं ते डॉक्टर वजनावरून ठरवतील. अँटिबायोटिक विषाणूसाठी नसतं, जखमेत आणि छातीत शिरलेल्या जिवाणूंसाठी असतं. म्हणून दोन दिवसांत बरं वाटलं तरी सुरू केलेला कोर्स पूर्ण करायचा, आणि तोवरचं व लेबलवर लिहिलेल्या पुढच्या दिवसांचं दूध डेअरीला घालायचं नाही.

रोजची सुश्रूषा

जनावर इथेच सुटतं किंवा इथेच हातचं जातं.

आधी तोंड बघा. जिभेवर, हिरड्यांवर फोड असतील तर कडबा आणि कुटार टोचतं. भूक असूनही जनावर तोंड फिरवतं आणि घरचे समजतात, मन लागत नाही. बोरोग्लिसरीन दिवसातून दोनदा आतून लावा. खायला कोवळा हिरवा मका किंवा नेपिअर बारीक कापून, भिजवलेली ढेप (पेंड), कोंड्याचा पातळ घाटा. कोवळी ज्वारी अजिबात नको, तिच्यातल्या विषाने गुरं तासाभरात पडतात. दहा लिटर कोमट पाण्यात पाव किलो गूळ आणि ३० ग्रॅम मीठ विरघळवून दिवसातून दोन-तीनदा पुढ्यात ठेवा.

ठेवा म्हणजे ठेवाच, बाटलीने घशात ओतू नका. घसा सुजलेला असताना ओतलेलं पाणी किंवा काढा श्वासनळीत उतरतो, आणि तीन-चार दिवसांनी जनावर न्यूमोनियाने जातं. लम्पीत असे मृत्यू कमी नाहीत आणि ते टाळता येतात. गावठी औषध द्यायचं असेल तर चाटवता येईल असंच द्या. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेला साधा चाटण: विड्याची १० पानं, १० ग्रॅम काळी मिरी, १० ग्रॅम मीठ, गुळात वाटून गोळा. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी एक मात्रा, दुसऱ्या दिवसापासून दिवसाला तीन, दोन आठवडे. प्रत्येक मात्रा ताजी वाटायची. हे डॉक्टरांच्या औषधासोबत द्यायचं आहे, त्याऐवजी नव्हे.

नाक शेंबडाने बुजलं की जनावर तोंडाने श्वास घेतं आणि खाणं सोडतं. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून कापडाने नाक-डोळे सकाळ-संध्याकाळ पुसा. ते कापड जाळून टाका.

पुढच्या पायांवर आणि पोळीला, म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला, सूज उतरते, कातडी ताणून चिरते. फाटायच्या आत मिठाच्या गरम पाण्याने शेकायचं, दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. पाणी आपल्या कोपराला सोसेल इतकंच गरम. जनावर बसून राहिलं तर खाली तणीस वीतभर जाड टाका आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. मौदा, कुही, भिवापूरकडे धानाचं तणीस मुबलक असतं, त्यात कंजुषी करू नका. ओलं झालं की लगेच बदला.

आता जखमा. खपली कोरडी आणि घट्ट असेल तर ओढू नका. तिच्या कडेने पू दिसला किंवा ती सुटली, तर दहा लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घालून धुवा. पाणी फिकट गुलाबी दिसायला हवं, गर्द जांभळं झालं तर मांस जळतं. कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन लावा आणि कडेने कडुनिंब व करंजाचं तेल फिरवा, म्हणजे माशी बसत नाही.

पावसाळ्यात एक दिवस जखम बघायची राहिली तरी किडे पडतात. जखमेतून वास आणि पातळ लालसर पाणी, आणि जनावर वारंवार तिकडे मान वळवतंय, एवढी खूण पुरे. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा दहा मिनिटं जखमेत धरा, अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकूण एक काढा. मेलेल्या अळ्या आत राहिल्या तर त्यांचाच पू होतो. टर्पेंटाइन डोळ्यांजवळ आणि सडांवर लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जखम उघडून बघा, लहान अळ्या पहिल्या दिवशी हाती लागत नाहीत.

सडांवर गाठी असतील तर धार हलक्या हाताने काढा, पण काढाच. दुखतं म्हणून दूध कासेत सोडलं की दगडी, म्हणजे कासदाह, होते.

माशी, डास, गोचीड

चावरी माशी मुताने भिजलेल्या तणसात आणि कुजलेल्या चाऱ्यात वाढते. अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा गव्हाणीखालचा सगळा ओला कचरा आठवड्यातून एकदा खरवडून काढला तर पिढीच मोडते. डासांसाठी गोठ्यातले टायर आणि उघडे हौद बघताच, पण घरचा कूलर विसरता. उन्हाळा सरला तरी इथे कूलरच्या टाकीत पाणी महिनाभर तसंच असतं. ते ओतून टाकी पुसून ठेवा.

गोचिडांसाठी साडेबारा टक्क्यांचं अमिट्राझ, लिटरला २ मिली. मोठ्या गाईला चार-पाच लिटर द्रावण लागतं. शेपटीखाली, कानात, मांड्यांच्या सांध्यात नीट भिजवा. आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे जनावर अंग चाटत नाही. उघड्या जखमेवर आणि भर उन्हात फवारू नका, घोड्याला तर हे औषध कधीच नाही. भिंतींच्या भेगाही फवारा, मादी तिथेच अंडी घालते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. एकाच नावाची औषधं वेगवेगळ्या टक्केवारीत मिळतात. शेतातल्या फवारणीचं औषध अंदाजाने गुरांवर मारल्याने विषबाधा होते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

जमिनीसाठी दोन ते तीन टक्के सोडियम हायपोक्लोराइट किंवा दोन टक्के फिनॉल. दोन्ही एकत्र मिसळायचे नाहीत. शेण आधी काढा, शेणावर टाकलेलं जंतुनाशक शेणातच वाया जातं.

दूध, पोळा आणि पुढचं

लम्पी माणसाला होत नाही. औषध चालू नसेल तर दूध उकळून प्यायला हरकत नाही.

पोळ्याला मात्र संयम ठेवा. पोळा श्रावण अमावस्येला, ऐन साथीत येतो, आणि तोरणाखाली गावातले सगळे बैल खांद्याला खांदा लावून उभे राहतात. गावात एक जरी जनावर आजारी असेल तर बैलजोडी दारातच पुजावी. बाजारातून नवं जनावर आणलं तर २८ दिवस वेगळं ठेवावं, इतके दिवस आजार अंगात दबून राहू शकतो.

जनावर दगावलं तर पुरायच्या आधी डॉक्टरांना बोलवून पंचनामा करून घ्या, बिल्ला कानात दिसेल असा फोटो काढा. २०२२ मध्ये राज्य सरकारने दुधाळ गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली होती. तशी मदत लागू असताना कागद नसेल तर मागताच येत नाही. खड्डा सात-आठ फूट खोल, विहीर आणि नाल्यापासून दूर. खाली आणि वर चुना. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी लवकर वर येतं, तेव्हा उंचवट्याची जागा निवडा.

जनावर बरं झालं तरी गळलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभराहून अधिक जिवंत राहतो. रोज झाडून त्या जाळा. बऱ्या झालेल्या वळूच्या वीर्यातही विषाणू काही आठवडे सापडतो, म्हणून वीर्य तपासल्याशिवाय त्याला गाईवर सोडू नका. बैलाच्या मानेवरचे खड्डे भरून वर केस येईपर्यंत जू ठेवू नका. तोवर आजारपणातलं दावं आणि झूल जाळून नवी घ्या, दुसऱ्या जनावराला वापरू नका.