शेजाऱ्याचा मोकाट कुत्रा: या चुका टाळा

"तो काय करूचो नाय," असं मालक गडग्यापलीकडून (दगडी कुंपणापलीकडून) ओरडून सांगतो, तेव्हा कुत्रा तुमच्या खुराड्यापाशी पोचलेला असतो. इथून पुढे जे व्हायचं ते बहुतेक वाड्यांत एकाच ठरलेल्या वाटेने होतं: आरडाओरडा, दगड, अबोला आणि शेवटी कोणीतरी चावून घेतल्यावर पोलीस ठाणं.

पहिली चूक म्हणजे "कुत्रा बांधून ठेवा" एवढंच सांगून घरी येणं. कोकणात बरेच कुत्रे हौसेसाठी नसतात. आंब्या-काजूत माकडं उतरतात, रानडुकरं शिरतात, म्हणून ते पाळलेले असतात आणि त्यासाठीच मोकळे सोडलेले असतात. तुमचं वाक्य मालकाला "बाग माकडांना देऊन टाका" असं ऐकू येतं. तो मान हलवतो आणि विसरतो.

विसरला नाही तर आणखी पंचाईत. सावंतवाडीकडच्या एका वाडीत तगाद्याला कंटाळून मालकाने कुत्रा माडाला बांधला, दोन हात साखळीवर. साखळी बुंध्याला गुंडाळली जायची, की कुत्रा दिवसभर तोंड माडाला लावून भुंकत उभा. येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडायचं एवढंच काम त्याला उरलं. आधी नुसता मागे धावणारा कुत्रा महिन्याभरात खरोखर चावरा झाला. पावसात कडी गंजली, तुटली, आणि दूध घालायला आलेल्या पोराच्या पोटरीत दात गेले. मग शेजारी म्हणे कुत्रा तुझा, मालक म्हणे बांधायला लावलास तू. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि पोर इंजेक्शनं घेतंय.

म्हणून मागणी घेऊन जाऊ नका, धावती तार घेऊन जा: दोन झाडांमध्ये ताणलेली तार, जिच्यावरून साखळीचं कडं सरकतं आणि कुत्रा बांधलेला असूनही फिरतो. खर्च अर्धा-अर्धा करायची तयारी ठेवलीत तर नाही म्हणणारा मालक विरळा. दोन झाडांमध्ये १२ ते १५ मीटर अंतर, ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, जमिनीपासून साधारण दोन मीटर उंच, एका टोकाला ताण द्यायला टर्नबकल (फिरवून तार आवळायचा स्क्रू). झाडाला तार थेट आवळू नका, साल कापते. खाली जुन्या टायरचे तुकडे घाला. दोन्ही बुंध्यांपासून दीड-दोन मीटरवर तारेला क्लॅम्प मारा, म्हणजे कुत्रा झाडाभोवती फिरून अडकणार नाही. तारेवर कडं, कड्याला साखळी, मध्ये फिरती कडी. साखळी एवढीच लांब की कुत्रा आरामात आडवा होईल. गडगा तिच्या टप्प्यात येता कामा नये. कुत्रा उडी मारून पलीकडे लटकला तर गळफास बसतो. कडी स्टेनलेस स्टीलचीच घ्या. खाऱ्या वाऱ्यात साधी कडी एका पावसाची धनी. सावली आणि पाणी आवाक्यात हवं, आणि तार माकडं उतरतात त्या अंगाला हवी, नाहीतर मालक पुन्हा सोडणारच.

रात्री मात्र कुत्रा तारेवर ठेवू नये. बिबट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. मोकाट कुत्रेही त्याला वाडीत ओढून आणतात, हे मालकाला सांगून बघा. कायद्यापेक्षा हे लवकर पटतं. रात्री पडवीत किंवा जाळीच्या खोपीत, दार लावून.

तुमच्या बाजूचं कामही तुम्हीच करायचं. पावसात ढासळलेला गडगा कुत्र्याला जिन्यासारखा उपयोगी पडतो. चिरे परत रचा आणि वर करवंदीच्या काट्या दाबा. बेड्याखालची (फाटकाखालची) फट एक चिरा आडवा पुरून बुजते. मासळीची आतडी परसात भिरकावून वर कुत्र्यांच्या नावाने बोटं मोडणारे लोकही कमी नाहीत. हातभर खड्डा, वर माती, वर दगड.

कुत्रा अंगावर आला की पळू नका, हात उगारू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. बाजूला वळून उभं राहा, हातातली छत्री किंवा पिशवी मध्ये धरा, सावकाश मागे सरका. दुचाकीवर असाल तर लाथ मारू नका आणि एकदम वेग वाढवू नका. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) वळणावर कुत्र्यापेक्षा तोल जाणं जास्त महागात पडतं.

आता चावल्यावरची चूक. इथे घाई हवी, आणि नेमकं इथेच लोक निवांत होतात. "पाळलेला आहे, काही होत नाही" म्हणतात. पाळलेला आहे, पण दिवसभर कुठे, कोणाशी भांडत होता? लस दिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्याचं कार्ड दाखवा म्हणावं. नुसत्या तोंडी सांगण्यावर विश्वास नको. जखमेवर चुना, तिखट, हळद, पाला काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. दोन मिनिटांत धुऊन झालं असं सगळ्यांनाच वाटतं. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. ते प्रत्येक केंद्रावर मिळेलच असं नाही, निघण्याआधी फोन करा, नाहीतर तालुक्याला जावं लागतं. दंडातली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, ती भीती घालून पोरांना घरी लपवू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती लस सुरू करून, लसीच्या ऐवजी नव्हे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की औषध उरत नाही.

बिस्किटातून कीटकनाशक घालणारे शूर प्रत्येक गावात असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते बिस्किट आधी कोणाची कोंबडी, मांजर किंवा पोर उचलेल याचा नेम नाही.

तक्रार तोंडी करू नका. ग्रामसभेत तावातावाने बोललेलं इतिवृत्तात उतरतंच असं नाही. वहीत तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं हे लिहा. मेलेल्या कोंबडीचा फोटो काढा. मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज, दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन. पोलीस पाटलांना एक प्रत. तरीही हललं नाही तर पोलीस ठाणं: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास त्याच संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थेट इथूनच सुरुवात करणारे उतावळे बहुतेकदा रिकाम्या हाताने परततात, कारण नोंद एकही नसते.

आणि चाकरमान्यांनो, गणपतीत येऊन शेजारच्या कुत्र्याला तुमच्या अंगणात पोळी-मटण घालू नका. तुम्ही अनंत चतुर्दशीनंतर मुंबईला जाता, तो रोज संध्याकाळी तुमच्या म्हाताऱ्या आईच्या दारात येऊन गुरगुरतो.