टायटसव्हिल: अमेरिकेतली पहिली व्यापारी तेलविहीर बघायला जाताना

पिट्सबर्गच्या बालाजीला जाणार असाल तर उत्तरेला साधारण दोन तासांवरचं टायटसव्हिल जोडून घ्या. ऑइल क्रीकच्या काठी एडविन ड्रेकला २७ ऑगस्ट १८५९ रोजी ६९.५ फुटांवर तेल लागलं. ड्रेक वेल म्युझियम त्याच जागेवर आहे.

डेरिक (विहिरीवरचा लाकडी मनोरा) आणि इंजिनघर नंतर उभारलेली प्रतिकृती आहे, पण ते वगळू नका. नजर खाली, पाइपवर ठेवा. वाळू आणि पाण्यामुळे भोक सारखं ढासळायचं, म्हणून ड्रेकने आधी बिडाचा पाइप ठोकत ३२ फुटांवरच्या खडकापर्यंत नेला आणि त्याच्या आतून छिद्र पाडलं. खरी करामत तीच. खडकात दिवसाला जेमतेम तीन फूट काम व्हायचं.

सायकल असेल तर म्युझियमपासून पेट्रोलियम सेंटर या जुन्या तेलगावापर्यंत ९.७ मैलांचा डांबरी ट्रेल आहे. जेवढं जाल तेवढंच परत यायचं, हे धरून पाणी घ्या. पर्यटक रेल्वे हंगामीच. तिकीट आधी काढा.

१८६५ मध्ये तेलामुळे गजबजलेल्या जवळच्या पिटहोल गावात आज इमारती नाहीत, फक्त गवत कापून दाखवलेले रस्ते. आधी तिथल्या पर्यटक केंद्रातली गावाची छोटी प्रतिकृती बघा, नाहीतर नुसतं कुरणच दिसेल. हिवाळ्यात वेळा बदलतात, फोन करूनच निघा.