जुनी पिकअप घेतली, सकाळी स्टार्टच टिकेना

भाजी मार्केटला न्यायला जुनी डिझेल पिकअप घेतली. घेताना आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का ते आधी बघा, आणि गाडीला 8 वर्षं झाली की पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी लागतं. इंजिन टकाटक, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होऊन लगेच बंद. मेस्त्री म्हणे इंजिनाला डिझेल देणारा पंप खोलू, म्हणजे खिशाला कात्री. म्हटलं थांब रे बाबा, आधी फिल्टरच्या पुढे पारदर्शक पाईप लावून बघू, तर डिझेलमधून बारीक बुडबुडे पळताना दिसले! टाकीकडून येणारा रबरी पाईप क्लिपखाली तडकलेला, बाहेर थेंब नाही कारण तिथे पंप डिझेल ओढतो, मग हवाच आत जाते आणि इंजिन बंद पडतं. पाईप, क्लिपा, तांब्याचे वायसर बदलले, डिझेल लाईनचा छोटा हँडपंप मारून आतली हवा काढली. आता अर्ध्या सेल्फवर उठते. हौद्याचा पत्रा सडलाय, तो दिवाळीनंतर.