कोकणात तरवड लावताय? मग या चुका टाळा

घाटावर तरवडाचं झुडूप कोणी मुद्दाम लावत नाही, तो असतोच. माळावर, बांधावर, रस्त्याकडेला. गुरं फारशी तोंड लावत नाहीत, पाणी कोणी घालत नाही, तरी पिवळाजर्द फुललेला. तेलंगणाने तर त्याला राज्यफूल केलंय; तिथल्या बतुकम्मा या फुलांच्या सणात रचतात त्या राशीत तो हवाच. हे सगळं पाहून आपण बी आणतो, रत्नागिरीच्या लाल मातीत टाकतो आणि श्रावण उलटायच्या आत रोप जातं. माझी पहिली दोन अशीच गेली.

पहिली चूक जागेची. देशावर दुष्काळी पट्ट्यात वर्षाला 500-600 मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे 3000 च्या वर आणि तोही चार महिन्यांत. तरवडाला एवढा पाऊस सोसतो, पण बुडाशी साचलेलं पाणी सोसत नाही. मी रोप लावलं होतं पागोळ्यांच्या खाली, वर सुपारीला करतो तसं छान आळंही केलं होतं. जुलैत पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून शेणखत घातलं. उपटलं तेव्हा मातीलगतची साल काळी, बोटाने चोळली तर सुटून येणारी. बुडकूज. आता फुटलेल्या चिऱ्यांचे तुकडे खाली टाकून दीड-दोन फुटांचा उंचवटा करतो आणि त्यावर लावतो. माती भुसभुशीत करायला समुद्राची वाळू मात्र आणू नका, तिच्यात मीठ असतं. आंब्या-माडाच्या सावलीतही नको. फुलं येतील चार, तीही रुसल्यासारखी.

दुसरी चूक मुहूर्ताची. आपल्याकडे लावणी म्हणजे मृग, हे डोक्यात पक्कं बसलेलं. तरवडाचं बी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात पेरा. म्हणजे पुढच्या पावसापर्यंत मुळं खोल जातात. बियांचं कवच कठीण असतं. तसंच पेरलं तर महिना-महिना काही दिसत नाही. पॉलिश पेपरवर हलकं घासा किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. सोटमूळ दुखावलेलं चालत नाही, म्हणून थेट जागेवर किंवा उंच पिशवीत. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, पुढे विसरा.

बी पाहून घ्या, हेही सांगायला हवं. एकाने मला तरवड म्हणून टाकळ्याचं बी दिलं होतं. भाजी झाली, फुलं नाहीत! टाकळ्याची शेंग बारीक, लांब, बाकदार. तरवडाची चपटी, कागदासारखी. रोप असेल तर पानाच्या देठाशी बघा. तरवडाला तिथे कानाच्या पाळीसारखी गोल हिरवी उपपर्णं असतात आणि ती गळत नाहीत.

कडधान्याच्या कुळातलं झाड म्हणून बियांना रायझोबियमची, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं चोळू नका. या कुळातली सगळी झाडं मुळांवर गाठी धरत नाहीत, तरवड न धरणाऱ्यांपैकी. युरियाचा मारा केलात तर नुसता पाला माजेल. फुलं नव्या शेंड्यांवर येतात, तेव्हा पावसाळ्यानंतर फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटा. खत त्यापेक्षा कमी कामाचं.

हिरव्या अळ्या दिसल्या की फवारणीचा पंप काढायचा, हीसुद्धा घाईच. त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. पाला खातात, झाड पुन्हा फुटतं. फवारलंत तर भुंगे जातात. तरवडाच्या फुलात मध नसतो, परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रं असतात आणि भुंगा फुलाला बिलगून घूं घूं करत थरथरला की पराग त्यातून उडतो. सकाळी आठच्या सुमारास कान देऊन बघा. झाड भरून फुललंय, पण शेंग एक नाही, अशी तक्रार असेल तर आधी तो आवाज येतोय का ते तपासा.