रक्त पातळ करण्याची गोळी आणि नाश्ता: कोथिंबीर मोजायची कशी

हृदयाची झडप बदलली किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली की घरी सोडताना हातात येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा एक ओळ असते: हिरव्या पालेभाज्या टाळा. घरी आल्यावर ही ओळ ताणली जाते. आधी पालक-मेथी जाते, मग कोबी, मग पोह्यांवरची कोथिंबीर, आणि महिन्याभरात सकाळी चहा-बिस्किटंच उरतात. एवढं करूनही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतोच. वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमरॉल (बहुतेकांच्या तोंडी ‘ॲसिट्रोम’) घेणाऱ्याने हिरवं बंद करायचं नसतं, मोजायचं असतं. रोज साधारण तेवढंच पोटात गेलं पाहिजे.

आधी गोळीचं नाव नीट वाचा. ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळ्यांना पालेभाजीचं काही देणंघेणं नाही. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी मात्र खाण्यासोबतच घ्यायची असते, नाहीतर ती पुरेशी अंगी लागत नाही. खालचं सगळं फक्त वॉरफरिन आणि ॲसिनोकूमरॉल घेणाऱ्यांसाठी आहे.

रक्त गोठवणारे काही घटक तयार करायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं. वापरलेलं के शरीर पुन्हा कामाला लावतं, आणि गोळी नेमकं तेच अडवते. म्हणजे के जास्त गेलं की गोळी कमी पडते, आयएनआर खाली येतो आणि गुठळीची भीती. के एकदम कमी झालं की आयएनआर चढतो आणि रक्तस्रावाची भीती. हा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. त्यामुळे सोमवारच्या रिपोर्टात आयएनआर घसरला तर सोमवारच्या नाश्त्याला बोल लावू नका, शुक्रवार-शनिवार आठवा. आणखी एक गोष्ट यातूनच निघते. जो माणूस के जवळजवळ खातच नाही त्याचा साठा इतका तुटपुंजा असतो की लग्नाच्या पंगतीतली एक वाटी अळूची भाजीसुद्धा त्याचा आयएनआर हलवते. रोज थोडं खाणाऱ्याला तीच वाटी फारशी जाणवत नाही.

आता आकडे. सगळे १०० ग्रॅममागे, मायक्रोग्रॅममध्ये. कच्चा पालक सुमारे ४८०, कोथिंबीर ३१०, कांद्याची पात २००, कोबी ७५, फरसबी ४३, मोड आलेले मूग ३३, मटार २५, फ्लॉवर १५, टोमॅटो ८. कांदा, बटाटा, रवा, पोहे, तांदूळ, कणीक, दूध, दही, अंडं, केळं, शेंगदाणे यांत नावापुरतं, बहुतेकांत दोनपेक्षा कमी. मोठ्या माणसाची दिवसाची गरज शंभराच्या आसपास धरा. शिजवल्याने के जात नाही, म्हणून “उकळून पाणी टाकून दिलं की चालतं” हे खरं नाही.

या आकड्यांकडे पाहिलं की आपला नेहमीचा नाश्ता किती निरुपद्रवी आहे ते कळतं. कांदेपोहे, उपमा, सांजा, तांदळाची उकड, घावन, आंबोळी, साधं थालीपीठ, फोडणीची पोळी, शिकरण-पोळी, इडली, अंड्याचं ऑम्लेट, दूध-लाह्या: यांत के जवळपास नाही. जे काही येतं ते वरून भुरभुरलेल्या हिरव्यातून, शेजारच्या चटणीतून आणि तेलातून.

कोथिंबिरीचंच घ्या. निवडून, धुऊन, कोरडी करून बारीक चिरलेली पोह्याच्या चमच्याने सपाट एक चमचा म्हणजे दोन-तीन ग्रॅम. त्यातून मिळतं जेमतेम ६ ते ९ मायक्रोग्रॅम. ही काढून टाकायची काहीच गरज नाही. पण तीच कोथिंबीर वडीत गेली की हिशेब पालटतो. १०० ग्रॅम निवडलेल्या पानांच्या साधारण वीस वड्या होतात. पाच वड्या खाल्ल्या की ७५ पोटात. दोन पालक पराठ्यांत ८० ग्रॅम पालक गेला असेल तर जवळजवळ ३८०. हिरव्या चटणीचं सँडविच भुरभुरलेली कोथिंबीर आणि वड्या यांच्या मधे कुठेतरी बसतं: चटणी जाड थापली तर वीस ग्रॅम कोथिंबीर सहज जाते, म्हणजे साठेक.

सुरुवात बदल करून नव्हे, नोंद करून करा. दोन आठवडे जे खाता तेच खा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज फक्त तीन गोष्टी लिहा: नाश्ता काय, हिरवं किती (चमचा, मूठ की वाटी), गोळी घेतली का. आयएनआर ज्या दिवशी तपासला तो आकडा त्याच चौकोनात लाल पेनाने. पुढच्या भेटीला कॅलेंडर काढून सोबत न्या. “पथ्य पाळतो” या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरांना त्याचा उपयोग जास्त होतो, कारण गोळीचा डोस तुमच्या खाण्याप्रमाणे बसवता येतो, खाणं डोसप्रमाणे कापावं लागत नाही.

मग नाश्त्याला एक ठरलेलं माप लावा. सोपा मार्ग असा. आठवड्यात एकदा कोथिंबिरीची जुडी निवडा, धुवा, सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या, चिरा आणि डब्यात खाली कागदी नॅपकिन घालून ठेवा. डब्यातच एक ठराविक चमचा टाकून ठेवा. रोजच्या नाश्त्यावर माणशी तोच एक चमचा, सपाट. ओली कोथिंबीर डब्यात भरली की चौथ्या दिवशी काळी पडते, मग टाकून द्यायला नको म्हणून घरातली कोणीतरी ती सगळी एकदम चटणीत वाटून टाकते. माप चुकायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मेथीचं थालीपीठ किंवा पालक पराठा आवडत असेल तर सोडू नका. त्या दिवशी जेवणातली पालेभाजी नाश्त्यात सरकवा, एवढंच. सकाळी मेथी झाली की दुपारी बटाटा, दुधी, पडवळ किंवा डाळ. थालिपिठात मुठीने मेथी घालण्याऐवजी एका थालिपिठाला चिरलेल्या मेथीचे दोन सपाट चमचे, बाकी जागा कांद्याने भरून काढा. भाजणी तीच, चव फार बिघडत नाही. पालेभाजीचे दिवस ठरवून टाका, समजा मंगळवार आणि शनिवार, आणि वाटीही एकच ठेवा.

तेलाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. सोयाबीन तेलात १०० ग्रॅमला सुमारे १८० मायक्रोग्रॅम के असतं, शेंगदाणा तेलात एकसुद्धा नाही, सूर्यफुलात पाचेक. एक मोठा चमचा सोयाबीन तेल म्हणजे २५. दिवसाला दोन-तीन चमचे धरले की कोथिंबिरीपेक्षा हेच मोठं. सोयाबीन वाईट म्हणून नव्हे, पण किराण्यात ऑफर आहे म्हणून या महिन्यात सोयाबीन, पुढच्या महिन्यात शेंगदाणा असं करू नका. मिश्र तेल असेल तर पिशवीवर कोणकोणती तेलं आहेत ते वाचा. तेल बदलायचंच असेल तर बदलल्यावर आठवड्याभरात आयएनआर करता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

सकाळच्या घाईत दहा-पंधरा मिनिटांत होणारा, के जवळपास नसलेला आणि ज्याचं दातांचं काम चालू आहे त्यालाही खाता येईल असा पदार्थ म्हणजे ताकातली उकड. दोघांसाठी एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी आंबटसर ताक आणि दोन वाट्या पाणी घ्या. पिठी थंड ताकात आधी कालवा, मग पाणी घाला आणि हाताने गुठळ्या मोडा. कढईत दोन चमचे शेंगदाणा तेल, मोहरी, हिंग, हळद, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, पाच-सहा पानं कढीपत्ता. लसूण बदामी झाला की आच मंद करून मिश्रण ओता आणि हात न थांबवता ढवळा. तीन-चार मिनिटांत गोळा सुटायला लागतो. मीठ आधीच बघा, नंतर मिसळत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ काढा. पिठी थेट उकळत्या पाण्यात टाकली की गाठी होतात, आणि वाफ कमी पडली की पिठूळ लागते. उकड फसते ती या दोन ठिकाणी. वाढताना वरून चमचाभर कच्चं तेल आणि डब्यातला तो एक चमचा कोथिंबीर. फोडणीतला लसूण आणि हळद यांची चिंता नको. हळदीच्या कॅप्सूल आणि लसणाच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट, त्या विचारल्याशिवाय नको.

मोडांची उसळ चालते. मूठभर मोड म्हणजे चाळीसेक ग्रॅम, तेरा-चौदा मायक्रोग्रॅम. फक्त आठवडाभर काही नाही आणि रविवारी मोठी वाटी, असं नको.

खरा गोंधळ आरोग्याच्या नावाखाली सकाळी उठून घेतल्या जाणाऱ्या गोष्टींचा. बागेच्या फाटकाशी मिळणारा गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पानांची पावडर, पालक घातलेली स्मूदी: ही पालेभाजीच आहे, फक्त प्यायची. ग्लासात ओतल्यावर ती किती गेली ते कळत नाही, म्हणून ती पथ्यात बसवायच्या भानगडीत पडू नये. साधा चहा बिनधास्त घ्या, कारण चहाच्या पानांतलं के गाळणीत राहतं. माचा (हिरव्या चहाची पूड) मात्र सगळं पानच असतं. प्रोटीन पावडर आणि मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर व्हिटॅमिन के१ किंवा फायटोनाडायोन लिहिलं आहे का पाहा. असलं म्हणून लगेच फेकू नका; चालू करताना आणि बंद करताना डॉक्टरांना सांगा.

झडपेच्या रुग्णाला बरेचदा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळीही चालू असते. तसं असेल तर उपम्यात कमी सोडियमचं मीठ वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि ती गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. रोज शहाळं सुरू करण्याआधीही विचारा.

जेवण तुटलं की आयएनआर चढतो, हे लक्षात ठेवा. ताप, जुलाब, तोंडाला चव नाही म्हणून चार दिवस नुसती पेज घेतली, वर अँटिबायोटिक सुरू झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करून तपासणी लवकर करायची का ते विचारा. दुखण्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक आणू नका. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण तेही रोज कित्येक दिवस घेतलं तर आयएनआर वाढवतं. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लाल लघवी, कारण नसताना निळे डाग दिसले किंवा डोक्याला मार लागला, तर नाश्त्याचा हिशेब बाजूला ठेवून थेट दवाखाना. आणि हिरवं जास्त खाल्लं म्हणून त्या रात्री गोळी स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, कमीही करायची नाही.

ऋतूही बघावा लागतो. मार्गशीर्ष-पौषात मेथी, पालक, कांद्याची पात स्वस्त झाली की घरात रोज पालेभाजी होते आणि आयएनआर खाली सरकतो. पावसाळ्यात पालेभाजी बंद असते, तेव्हा उलटं. एका एकादशीने किंवा चतुर्थीने काही बिघडत नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी यांत के नगण्य, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण सुरू होतं.

नवरात्राचे नऊ दिवस मात्र वेगळे. नऊ दिवस ना पालेभाजी, ना कोबी, ना नेहमीचं तेल. कित्येक घरी एकवेळच खाणं. घटस्थापनेच्या आधीच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगा आणि मधे चौथ्या-पाचव्या दिवशी आयएनआर करायचा का ते ठरवून घ्या. तुमच्याकडे उपासाला कोथिंबीर चालत असेल तर खिचडीवर डब्यातला तोच एक चमचा सुरू ठेवा, काकडीची कोशिंबीर सालासकट करा आणि तेल तेच वापरा. दसऱ्याला उपास सुटल्यावर पहिल्याच दिवशी अळूवड्यांचं ताट पुढे आलं तर दोन घ्या, उरलेल्या दुसऱ्या दिवशी परता.