हापशाचा दांडा डुगडुगत होता

आमच्या वस्तीवरच्या हापशाचा दांडा महिनाभर डावी-उजवीकडे डुगडुगत होता, करकरही वाजायचा. पाणी येत होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मला मात्र म्हाताऱ्या माणसांची काळजी वाटायची.

हा हापसा इंडिया मार्क २ प्रकारचा, सोलापूरच्या पंपावरून पुढे बेतलेला. दांड्याचं प्रमाण ८:१, म्हणजे हाताच्या जोराच्या सुमारे आठपट जोर आतल्या सळीला मिळतो. सगळा भार आसाच्या, म्हणजे दांडा ज्या दांडीवर फिरतो तिच्या, दोन बेअरिंगांवर. तीच गेली असणार, हा अंदाज खरा निघाला.

पुढचं झाकण उघडून सळी वर उचलली आणि वाइसमध्ये (स्क्रूने आवळायच्या पकडीत) घट्ट धरली. हे आधीच करा! नाहीतर दांडा आणि सळी जोडणारी साखळी सोडताच सळ्या बोअरमध्ये जातात. मग साखळीचा बोल्ट काढला, आस ठोकून बाहेर घेतला. ठोकताना मध्ये लाकडाचा ठोकळा धरला, नाहीतर आटे बिघडतात. बेअरिंगं गंजून खडखडत होती. ६२०४ नंबरची नवी जोडी बसवली, मधला स्पेसर (दोन बेअरिंगांत अंतर राखणारी नळी) आठवणीने घातला, साखळीला भरपूर ग्रीस लावलं.

काल पलीकडच्या आजींनी एकट्याने घागर भरली.